दोन दिव्यांमधले अंतर

मित्रांनो, मी जपानमध्ये जन्मलेली एक जुनी व्हॅन आहे. माझ्या मागच्या दाराशी व्हीलचेअरसाठी एक लिफ्ट आहे. बटण दाबले की ती जमिनीला टेकते आणि माणसाला खुर्चीसकट अलगद आत घेते. नऊ वर्षे मी तिकडच्या एका वृद्धाश्रमात राबले. तेवढ्या काळात ती एकदाही मध्ये अडकली नाही. ही बढाई नव्हे. देखभालीच्या वहीत तशी नोंद आहे.

पुढे आश्रमाने नवी गाडी घेतली आणि मी कुंपणाशी उभी राहिले. टायरांवर शेवाळ धरले. तेथून जहाजाने मला या देशात आणले, ते एका ताईंनी, आपल्या थोरल्या भावासाठी. दादा नकाशे काढत. आजारात त्यांचे पाय गेले, हात आणि नजर शाबूत राहिली. कचेरीने त्यांचे टेबल महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवले होते, आणि बसला तीन पायऱ्या होत्या.

मात्र इथल्या नियमांत बसते हे सिद्ध केल्याशिवाय मला नंबर मिळणार नव्हता. ताईंनी जपानी कागदांचे जाडजूड पुडके तपासणी केंद्रातल्या बाईंपुढे ठेवले. बाईंनी ते आदराने बाजूला सारले आणि टॉर्च उचलली. मला बाई तत्काळ आवडल्या. ब्रेक, धूर, वेगाचा काटा, सीटबेल्ट, सगळ्यांत मी उत्तीर्ण झाले. तशी मला शंकाही नव्हती.

अडले ते एका दिव्यापाशी. दाट धुक्यात मागून येणाऱ्याला दिसावा असा एक प्रखर लाल दिवा इथे सक्तीचा आहे. माझ्या अंगावर तो मुळात नव्हता. तो इथल्या एका गॅरेजवाल्याने बसवला होता. हा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांच्यात दहा सेंटिमीटरहून अधिक अंतर लागते, नाहीतर ब्रेक लागला हे मागच्याला उमगत नाही. बाईंनी मोजले तर ते भरले सहा. मी नापास झाले. फेरतपासणी महिनाअखेरच्या आदल्या दिवशी मिळाली. त्यापुढची तारीख कचेरीच्या मुदतीबाहेर होती.

गॅरेजवाला ऐकेना. “अकरा आहेत, ताई. मी स्वतः मोजलेत. त्यांचीच पट्टी खोटी असणार.”

ताई दादांकडे पाहू लागल्या. दादांनी पट्टीला दोष दिला नाही आणि गॅरेजवाल्यालाही नाही. त्यांनी फक्त विचारले, “कुठून कुठपर्यंत मोजलंस?”

“मधल्या स्क्रूपासून मधल्या स्क्रूपर्यंत. आणखी कसं मोजणार?”

“दोन घरांमधली गल्ली तू पलंगापासून पलंगापर्यंत मोजतोस का रे? भिंतीपासून भिंतीपर्यंत मोज.”

गॅरेजवाला हसला. दोन्ही दिवे लावून त्याने त्यांवर पातळ कागद धरला. उजेडाची कड जिथे संपत होती तिथे दादांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या. मधली जागा सहा भरली. दिवा पाच सेंटिमीटर खाली सरकला. जुन्या दोन भोकांत पाणी शिरून गंज चढेल म्हणून दादांनी ती रबरी बुचांनी बंद करून घेतली. ती बुचे आजही माझ्या अंगावर आहेत. मला त्यांची लाज वाटत नाही.

फेरतपासणीला बाईंनी दोनदा मोजले. दोन्ही वेळा अकरा.

“या वेळी कुणी मोजलं?” त्यांनी विचारले. ताईंनी भावाकडे बोट दाखवले.

“मोजायचं कसं हे यांना कळतं,” बाई म्हणाल्या.

“कळतं,” दादा म्हणाले, “पण ते कचेरीतही कळायला हवंय. उद्या हजर व्हायचंय. सही करता का?”

बाईंनी सही केली. हसल्या की नाही, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. मला त्या पाठमोऱ्या होत्या.

मित्रांनो, प्रमाणपत्र एका दिवसापुरते खरे असते. दिव्याच्या काचेवर चिखल साचला तर ते अकरा सेंटिमीटर कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. म्हणून तुमच्या घरच्या गाडीचे कौतुक जरा कमी करा, आणि निघण्यापूर्वी तिचे दिवे पुसा. दादा रोज पुसतात, खुर्चीतून जेवढा हात पोहोचतो तेवढे. वरचा कोपरा ताई पुसतात.

आता आठ वाजले आहेत. फडके वाळत घातले आहे, आणि माझी लिफ्ट खाली निघाली आहे.