बास्कची छत्री, सायवनचं इरलं

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. तुमच्या दप्तरात घडी करून बसणारी नव्हे, हे आधीच सांगते. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रोवतात ना, तसली. माझ्या सावलीत चार-पाच माणसं पाय पसरून बसतात आणि एखादं कुत्रंही न विचारता येऊन झोपतं. आज मी डहाणूजवळच्या आगर गावच्या किनाऱ्यावर उभी आहे. माझ्या अंगावर कापडाचं एक सूतही उरलेलं नाही, सगळी पळसाची पानं आहेत. तरीही लोक मला बघायला थांबतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. हे सगळं कसं घडलं, ते सांगते.

माझा जन्म फार लांबचा. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख आहे. एका बाजूला हिरवे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथल्या एका छोट्या कारखान्यात माझा लाकडी दांडा तासला गेला, पोलादी काड्या बसवल्या गेल्या आणि त्यांच्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड ताणलं गेलं. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आमच्या गावात उन्हाळा लागला की पाहुण्यांची नुसती रीघ लागायची. बघण्यासारखंही खूप होतं. तारेने ओढत डोंगरावर नेणारी एक जुनी, छोटीशी गाडी होती. ती कण्हत-कुथत वर चढायची आणि वरून अख्खा किनारा दिसायचा. टेकडीवर एक दगडी मनोरा होता. पूर्वी तिथे बसून कोळी लोक देवमाशांवर नजर ठेवत. होड्यांच्या शर्यती लागल्या की सगळं गाव घसा बसेपर्यंत ओरडायचं. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी जागा माझीच. कारण दिवसभर हिंडून दमलेली माणसं शेवटी माझ्याच खाली येऊन चपला काढत. आणि एक गोष्ट मी तिथे पक्की शिकले. माणूस कुठलाही असो, म्हातारा असो की तान्हं लेकरू घेतलेली आई, खुर्ची टाकली की तिचं तोंड समुद्राकडेच करतो.

वर्षं गेली. माझे पट्टे विटले आणि मालकाने नव्या छत्र्या आणल्या. मला कोठारात टाकलं. तिथून मला बाहेर काढलं ते मालकाच्या मुलीने, माइतेने. माइते चित्रं काढायची. वारली चित्रं शिकायला ती भारतात निघाली होती. तिची कातडी उन्हात लगेच भाजायची, म्हणून तिने मला दोन तुकड्यांत सोडवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि विमानात घातलं. विमानतळावरच्या शिपायांनी मला तीनदा उघडून पाहिलं. इतकं कौतुक त्याआधी माझं कधी झालं नव्हतं.

अशी मी डहाणू तालुक्यातल्या सायवनला आले. तिथे नवशीच्या घरी माइतेने हिवाळा काढला. घरात नवशी, तिचा नवरा लक्ष्या, लक्ष्याची आई बायजी आणि चौथीतली चिमी. नवशी शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाची चित्रं काढायची आणि माइते माझ्या सावलीत बसून तिची नक्कल करायची. बायजीने मला पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा ती माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून आली.

"केवढा इरला हाय हा," ती म्हणाली. "सगला पाडा मावंल यात."

इरलं तुम्ही पाहिलंय का? बांबूच्या कामट्या विणून त्यावर पानं बसवतात आणि पावसात ते डोक्या-पाठीवरून पांघरतात. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, वाकून करावी लागते, म्हणून इरलं पाठीकडे लांब असतं. सगळ्या पाड्यात इरलं विणावं तर बायजीनेच.

होळीच्या सुमारास माइते परत गेली. चित्रांचं सामान एवढं झालं होतं की मला न्यायला जागा उरली नाही. तिने माझा दांडा नवशीच्या हातात दिला आणि दोघी डोळे पुसत हसल्या.

मग आवणीचे दिवस आले आणि लक्ष्याला एक कल्पना सुचली. एकेकाने इरलं कशाला पांघरायचं? सगळ्यांचं मिळून एक मोठं इरलं घरात आहेच की! त्याने मला बांधावर रोवलं. मित्रांनो, मी उन्हाची छत्री. चिखलात मी कशी टिकणार? वाऱ्याचा एक झोत आला, मी उलटी झाले आणि माझं कापड या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं. लक्ष्या गुडघाभर चिखलात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. बायजी मात्र इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं.

त्यानंतर माझी रवानगी आढ्याला झाली. खाली चूल, वर मी. धुराने काळी पडले. एका कोंबडीने तर माझ्यावरच झोपायची जागा केली. मला वाटलं, संपलं आपलं.

पण खाली घरात काय चाललं होतं ते मला वरून ऐकू यायचं. भात कापून झालं की दरवर्षी हे सगळं घर वीटभट्टीवर जायचं; माइते राहायचे पैसे देत होती, तो एक हिवाळाच काय तो चुकला होता. बायजीसुद्धा. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. चिमीची शाळा मध्येच सुटायची आणि परत आली की मागचं सगळं विसरलेलं असायचं. या वर्षी नवशीने मनाशी ठरवलं होतं की भट्टीवर जायचं नाही आणि चिमीची शाळा मोडायची नाही. पण मग पोट कसं भरायचं?

वाट दाखवली संगिताने. संगिता आगरची, मासे विकणारी. डहाणूच्या बाजारात नवशी भाजी घेऊन बसायची तेव्हाची तिची मैत्रीण.

"सुट्टीत आमच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते," संगिता म्हणाली. "तू नागलीच्या भाकऱ्या थाप, मी बोंबील तलते. पन बसायला सावली पायजे. सुरूची झाडं मागं रस्त्याला हायेत, आनि लोकांना पान्याजवल बसायचं असतं."

नवशीने वर आढ्याकडे पाहिलं. मी तर तयारच होते!

वाघबारशीच्या दिवशी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, भट्टीचा मुकादम दारात आला. "देवदिवालीला ट्रक आनतो. येताय ना?"

लक्ष्याने नवशीकडे पाहिलं. "तवा सांगू," तो म्हणाला.

म्हणजे देवदिवाळीपर्यंत आमचा जम बसला पाहिजे होता. नाही बसला, तर चिमीचं दप्तर खुंटीला लागणार होतं.

लक्ष्याने माझं फाटकं कापड काढून टाकलं आणि वाकलेल्या काड्या सरळ केल्या. बायजीने काड्यांमधून कामट्या विणल्या आणि त्यांवर पळसाची पानं एकावर एक बसवली. अशी घट्ट, की सुई जायची नाही. तिने मला इरल्याच्या रीतीनेच विणलं. एका बाजूने पानं थेट गुडघ्यापर्यंत खाली आणली. वारा समुद्राकडून येतो ना, मग ती बाजू समुद्राकडे करायची, असं तिने लक्ष्याला बजावून सांगितलं. जीपच्या टपावर बसून मी पुन्हा एकदा समुद्राला भेटायला निघाले. किती वर्षांनी तो खारा वास आला! मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत किनारा फुलून गेला होता. घोडागाड्या, पतंग, मुंबईची माणसं, सुरत-वापीची माणसं. सगळे माझ्याकडे वळून बघत. काही जण कौतुकाने आत येऊन बसत आणि दोन मिनिटांत उठून जात. वापीचे एक गोलमटोल काका भाकरीची ऑर्डर देऊन टेकले, समोर पाहिलं आणि विचारलं, "बेन, दरियो क्यां छे?"

दरिया होता तिथेच होता. पण पानांच्या पलीकडे! काकांनी बोंबलाची प्लेट उचलली आणि सुरूखाली जाऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. मी मनात ओरडत होते, अरे, समोरची पानं कापा! पण छत्रीचं कोण ऐकतं?

दोन-तीन दिवस असेच गेले. टोपलीतल्या भाकऱ्या तशाच घरी परत जायच्या. शेवटी नवशीच्या लक्षात आलं. "पुढचा भाग कापूया," ती म्हणाली.

लक्ष्या कावराबावरा झाला. "आयने विनलाय. तिला विचारल्याबिगर कोयता कसा लावाचा?"

त्या रात्री सायवनला गेल्यावर त्याने विचारलं. बायजीने साफ नकार दिला. अर्धं इरलं म्हणजे काय इरलं? ते पांघरून आवणी केली तर सगळी पाठ भिजणार. आपल्या हातचं काम लोकांनी अर्धं पाहावं, हे तिला मान्य नव्हतं. देवदिवाळी आठवड्यावर आली होती. नवशीने एका रात्री भट्टीवर न्यायच्या भांड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं, असं मला नंतर कळलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र जीपमधून स्वतः बायजी उतरली. चिमीचा हात धरून वाळूतून माझ्यापाशी आली. माझी पानं चाचपून पाहिली. एकही ढिलं नव्हतं, म्हणून समाधानाने मान हलवली आणि माझ्याखाली मांडी घालून बसली. तिला समुद्र नवखाच होता. एवढ्या वर्षांत ती तिथे दोनदाच आली होती, तीही बाजाराच्या घाईत.

ती बराच वेळ पानांकडे बघत बसली.

"गाज ऐकू येते," ती हळूच म्हणाली. "दर्या दिसत नाय."

नवशी भाकरी थापायची थांबली.

"आपल्याला पाऊस अंगावर नको असतो," बायजी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ह्या लोकांना वारा अंगावर पायजे. लक्ष्या, कोयता दे."

लक्ष्या कापायला पुढे आला, तर तिने त्याला बाजूला सारलं. स्वतःच्या हाताने तिने समोरची पानं छाटली, कामट्या आत वळवून बांधल्या आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. समोर पाणी चमकत होतं. लांबवर आगरच्या होड्या परतत होत्या. वाऱ्याने तिचा पदर उडाला. "बघा तरी किती हाय तो," असं म्हणून बायजी हसायला लागली. चिमीही हसली, संगिताही हसली आणि मला माझे निळे-पांढरे पट्टे परत मिळाल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी टोपलीत एकही भाकरी उरली नाही. दुसऱ्या दिवशी पीठ कमी पडलं. लोक माझ्याखाली बसायला रांग लावू लागले. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी लक्ष्याला चिकूच्या वाडीत काम मिळालं. देवदिवाळीला मुकादमाचा ट्रक पाड्यावर आला तेव्हा नवशीचं गाठोडं सुटून भांडी परत फळीवर लागली होती.

"औंदा नाय येत," लक्ष्याने सांगितलं. "आमचं दर्यावर काम हाय."

मित्रांनो, मी जुनी आहे, म्हणून थोडं सांगायचा हक्क माझा. किनाऱ्यावर आलात की माझा फोटो जरूर काढा, मला ते आवडतं. पानं मात्र ओढू नका. बायजीचे हात आता दुखतात. आणि दुसरं असं की त्या ट्रकमध्ये चिमीच्या वर्गातला बारक्याही बसून गेला. तुमच्याही वर्गात दिवाळीनंतर एखादी जागा रिकामी होत असेल. ती कुणाची, हे विसरू नका. जमलं तर तेवढ्या दिवसांचा अभ्यास त्याच्यासाठी जपून ठेवा. चिमी रविवारी माझ्याखाली बसून बारक्याच्या वहीत धडे उतरवते. आणि तिच्या शेजारी बायजी बांबूच्या कामट्या तासत असते. दुसरी छत्री विणायला घेतली आहे तिने, समोरून उघडी. ती बारक्याच्या आईबापासाठी आहे.