पोलादी दाराचा टेकू

मित्रांनो, मी आग विझवण्याचा एक जुना लाल सिलिंडर आहे. आग मात्र मी जन्मात कधी विझवली नाही. माझे आयुष्य एका दाराला टेकू देण्यात गेले.

कारखान्यात माझ्या पोटात पावडर भरली, तेव्हा तपासणाऱ्या बाई पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हा जिथे जाईल तिथले लोक निर्धास्त झोपतील." बिचाऱ्या! झोपले खरे, पण कामाच्या खुर्चीत.

मी आलो वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात. शहरातले दवाखाने, पाण्याचे पंप, सिग्नल, सगळ्यांची वीज या एका खोलीच्या हातात. आताचा शत्रू तोफा घेऊन येत नाही, संगणकातून शिरतो, असे वरून कळले आणि देशाच्या सुरक्षेसाठी खोलीला पोलादी दार बसले. अंगठा टेकवला की उघडणारे. फीत कापली, भाषणे झाली, फोटो निघाले.

दुसऱ्याच दिवशी दाराने मोठ्या साहेबांचा अंगठा ओळखला नाही. शिपायादेखत!

"मला ओळखत नाही? मला?" साहेब दारावर ओरडले.

पाळीवर ताई होती. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी लागलेली अबोल मुलगी. तिने आतून दार उघडले.

"तो सिलिंडर लाव दाराला. उघडंच राहू दे."

"पण साहेब, दार बसवलंय ते..."

"तू मला सुरक्षा शिकवणार? तुझे वडील असं उलट बोलत नव्हते हो!"

ताईने मुकाट्याने मला दारात ठेवले. देशाची तटबंदी आणि टेकू माझा! लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. तपासनीस मला हातही न लावता 'ठीक' अशी चिठ्ठी चिकटवून जाई. सुरक्षा सप्ताहात मला पुसून फोटोत उभे करत. एवढेच माझे कौतुक.

एका दुपारी, ताई जेवायला गेली असताना, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक अनोळखी माणूस आला. "एसी बघायला आलोय," म्हणाला.

"बरं झालं आलात, उकडून मरतोय इथे!" साहेबांनी वर चढायला स्वतःची खुर्ची दिली.

एसीकडे त्याने पाहिलेही नाही. साहेब फोनवर बोलत असताना त्याने संगणकामागे काहीतरी खोचले आणि निघाला. जाताना मला त्याचा पाय लागला, तर 'सॉरी' म्हणाला. त्या खोलीत इतका मान मला कुणी दिला नव्हता.

थोड्याच दिवसांत संगणकाचे पडदे गोठले आणि शहर बंद पडले. नळ कोरडे झाले. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये रोगी अडकले. वीज यायला दुसरा दिवस उजाडला.

संगणकामागे खोचलेली ती वस्तू सापडली, मग चौकशी समिती आली. तीन भारदस्त माणसे. साहेबांनी ताईकडे बोट दाखवले. "पाळी हिची, दार उघडं ठेवलं हिनं. घरभेदी आहे. पोलिसांत द्या."

सगळे जाणणारे सहकारी आपापल्या बुटांच्या नाड्या न्याहाळत बसले. थू!

"सिलिंडर दारात तूच ठेवलास?" अध्यक्षांनी विचारले.

"हो, मीच. साहेबांनी सांगितलं म्हणून." ताई म्हणाली.

"साफ खोटं!" साहेब गरजले.

"सर, तुम्ही तिघं आत्ता आत कसे आलात?" ताई म्हणाली. "अंगठा कुणी लावला? तुम्ही कोण, हे कुणी विचारलं का?"

तिघांनी माना वळवल्या. दारात मी उभा होतो. शेजारी अध्यक्षांची बॅग.

"सकाळी मी दार लावून घेतलं होतं. तुम्हाला ताटकळायला लागू नये म्हणून साहेबांनीच याला पुन्हा उभं केलं. विचारा शिपाईकाकांना."

शिपाईकाका पुढे आले. "खरंय," ते म्हणाले, "माझ्यासमोर ठेवला."

ताई वाचली. साहेबांची बदली झाली, म्हणे वरच्या कार्यालयात, सुरक्षेवर सल्ला द्यायला! मला भिंतीवर टांगले आहे.

मित्रांनो, दारे खुशाल महागाची घ्या. पण मोठ्या माणसाला 'दाराबाहेर घटकाभर थांबा' म्हणायला ज्यांची जीभ रेटत नाही, त्यांनी देश राखण्याच्या गप्पा मारू नयेत. तुम्ही तरी त्यांच्यासारखे होऊ नका.