राहीबाईच्या हातची पाच माणसं

मामंजींच्या टाचांखाली राहीबाई चुंबळ ठेवी. बायका डोईवर घागर घेताना ठेवतात तशीच, फक्त मामंजींच्याच जुन्या धोतराची. मामंजी, म्हणजे माझे सासरे विष्णुपंत, अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळले तेव्हा पाठीला जखमा होतील असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकरा महिन्यांत एकही झाली नव्हती. राहीबाई दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवी आणि पालथा हात पाठीवरून फिरवी. तळहात का नाही, असं मी एकदा विचारलं. तळहाताला खुरप्याचे घट्टे पडलेत, त्याला ऊन कळत नाही, म्हणाली. कातडं जिथे गरम लागे तिथला भार ती आधीच काढून घेई.

हे सगळं मला दिसत होतं. माझा पहिला मुलगा विसाव्या दिवशी गेला, तेव्हापासून मला नको तेवढं दिसतं. सात महिन्यांची बाळी झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते.

एका सकाळी समोरच्या काकू ताकाचं भांडं परत द्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या की ही बाई ज्या घरी गेली तिथलं म्हातारं माणूस गेलं. चार गेली म्हणे तिच्या हातात. "तुझ्या घरात लहान लेकरू आहे, म्हणून सांगितलं हो."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले होते. म्हातारी माणसं कुणाच्याही हातात जायचीच, हे मी कागदावर सिद्ध करून दिलं असतं. तरी दुपारपर्यंत मी पाळणा माजघरातून आतल्या खोलीत नेला होता. मग राहीबाईला सरळच विचारलं.

"चार न्हवं वैनी, पाच," ती चुंबळ वळत म्हणाली. "मिरजंचा बिराप्पा काकूंस्नी म्हाईत न्हाई."

पाळण्याच्या रिकाम्या जागेकडे तिने एकदा पाहिलं. त्या दिवसापासून बाळी रडली तरी ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशीच थांबू लागली.

दुसरी बाई बघा, असं मी ह्यांना सांगितलं. माझ्या भावाच्या मुंजीसाठी मला साताऱ्याला जायचं होतं. परत येईपर्यंत बघतो, असं हे म्हणाले. राहीबाईने ते ऐकलं असणार. तिचा मुलगा पलटणीबरोबर समुद्रापार होता, आणि कराडजवळच्या गावात तिची खोली दिरांनी बैलांना दिली होती. आमचं घर सुटलं तर तिला दुसरं नव्हतं.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी बाळीला आईजवळ ठेवून मी नाथाजी सुभेदारांचं घर शोधत गेले. राहीबाईने सांगितलेल्या पाचांतले ते शेवटचे, साताऱ्याचेच. त्यांची लेक बनुबाई जोंधळा पाखडत बसली होती. राहीबाई आमच्याकडे असते म्हणताच तिने सूप बाजूला सारलं.

"डाक्टर म्हैना म्हनला व्हता. तिनं माझ्या बापाला अडीच वरीस ठिवला," ती म्हणाली. "आन् पाट बगितली असती तर लेकरावानी."

मग हे कुणाला कसं ठाऊक नाही, असं मी विचारलं. बनुबाईने सूप पुन्हा पुढे ओढलं. लेक असून बापाचं परक्या बाईने केलं, हे चारचौघांत सांगायची लाज वाटायची, म्हणाली. म्हातारा गेला त्याच संध्याकाळी त्यांनी राहीबाईला वाटेला लावलं होतं. तेराव्यालाही बोलावलं नव्हतं. मग तिने उठून कोनाड्यातून दोन चुंबळी काढल्या. सुभेदारांच्या लाल पटक्याच्या होत्या.

"तिनं मागितल्या न्हाईत, आमाला टाकवल्या न्हाईत. लय शिव्या खायाची बाई. सुभेदारच त्यो. पानी पाजाया गेली तरी हुकूम सोडायचा. हासायची निस्ती."

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं; परतताना मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती, आणि कोळसा घालायला कराडच्या अलीकडे बराच वेळ थांबली. बाळीला मांडीवर घेऊन मी बसले होते. सुभेदारांची अडीच वर्षं कुणी मोजली नव्हती. शेवटचा एक दिवस तेवढा मोजला होता. आणि मीही तेच केलं होतं.

सांगलीत घरी आले तर राहीबाईचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं. माधवनगरची एक बाई ह्यांनी ठरवली होती, सोमवारी यायची होती. मामंजींनी मात्र सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, ना बोलायला ना पेज घ्यायला.

माधवनगरला नको म्हणून कळवा, असं ह्यांना सांगून मी कागद आणि दौत घेऊन मामंजींच्या खाटेशी बसले. लिहायला हात मोकळे हवे होते, म्हणून बाळीला राहीबाईकडे दिलं. ती क्षणभर घुटमळली, पदराला हात पुसले, आणि बाळीला घेऊन सवयीने पालथा हात तिच्या कपाळावरून फिरवला.

राहीबाईला पुढे कधी दुसऱ्या घरी दाखवता यावं म्हणून मी एकेक नाव विचारून लिहीत गेले: आजार काय, डॉक्टरांनी किती दिवस सांगितले, राहीबाईजवळ माणूस किती दिवस राहिलं. हे मागून वाचत होते. शिफारसपत्रात बऱ्या झालेल्यांची नावं असतात, म्हणाले, ही गेलेल्यांची यादी बघून हिला कोण काम देईल?

"म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाईकडे दुसरी यादी असेल कुठली?" मी म्हणाले.

शेवटी मी आणखी एक ओळ घातली: हिला आठवड्यातून एक दिवस सुटी आणि रोगी उचलायला जोडीला माणूस द्यावं, आम्ही अकरा महिने दिलं नाही, यापुढे देऊ. ते वाचून ह्यांनी गाठोडं उचलून आत नेऊन ठेवलं.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मामंजींनी चांगला हात हलवला.

"माझं?"

"अण्णांचं कशापायी?" राहीबाई मामंजींकडे बघत म्हणाली. "अण्णा हाईत की."

"लिही," मामंजी म्हणाले. पुढचे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "किती दिवस... तेवढी जागा मोकळी सोड. घाई नाही."

मी नाव लिहिलं आणि पुढे बोटभर जागा सोडली. राहीबाईला अक्षर येत नव्हतं, पण बाळीला कडेवर घेऊन ती कागदावर वाकली.

"एवढ्यानं व्हायाचं न्हाई वैनी," ती म्हणाली. "जरा जास्त सोडा."