दाढेवर पडलेले ऊन

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तळहाताहून थोडा मोठा, टिनाच्या चौकटीत बसवलेला. माझ्या पाठीवरचा मुलामा कडेने उडाला आहे आणि मधोमध तपकिरी डाग पडले आहेत. आज कोणी माझ्यात डोकावलेच, तर त्याला आपला अर्धाच चेहरा दिसेल. पण एके काळी मी लख्ख होतो, आणि तेव्हा माझ्याकडून एक काम झाले.

मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. मोठी काच कापून उरलेल्या तुकड्यांपैकी मी एक. कारागिराने माझ्या कडा घासल्या, पाठीला मुलामा दिला आणि टांगायला वर एक कडी लावली. मग गवतात गुंडाळून आम्हां भावंडांना बोटीत चढवले. महाशिवरात्रीला हरिहरेश्वराच्या जत्रेत आम्ही एका फडक्यावर ऊन खात पडलो होतो. तिथे रघू नावाच्या तरुणाने मला उचलले आणि आपली मिशी न्याहाळली.

"कोनासाठी घेतोस?" दुकानदाराने विचारले.

"बायकोसाठी."

"मग मिशी कशाला बघतोस? तिला बघू दे."

रघूच्या मागे उभी असलेली राही पदराआड हसली. तिचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तिचे दात तेव्हा तांदळाच्या दाण्यांसारखे स्वच्छ होते. मी पाहिले ना!

म्हसळ्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे भातशेतीचे गाव होते. पडवीतल्या खुंटीला मला टांगले. रघू मुंबईच्या गिरणीत कामाला, तो शिमग्याला आणि भातलावणीला तेवढा घरी येई. घरात राही आणि तिची सासू काशी. सणाच्या दिवशी शेजारच्या बायकाही माझ्यासमोर येत, कपाळाला कुंकू लावत, केस चापत आणि म्हणत, "काय झ्याक आरसा हाय!" मी सुखावत असे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळे माझ्यात कपाळ पाहत, डोळे पाहत. तोंड उघडून आत कोणीच पाहत नसे.

काही वर्षांनी राहीची वरची दाढ ठणकू लागली. ती गाल धरून बसली, तेव्हा काशीने आपली मशेरीची डबी तिच्यापुढे धरली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून केलेली ती पूड. गावातल्या बायका सकाळी उठून तीच दातांना लावत.

"घे चिमूटभर. दाढ गप बसंल," काशी म्हणाली.

दाढ गप बसली. चार दिवसांनी पुन्हा बोलली, पुन्हा मशेरीने गप बसली. राहीला तिची सवयच लागली. मित्रांनो, यात काशीचा हेतू वाईट नव्हता. तिच्या सासूने तिला जे दिले, तेच तिने सुनेला दिले. पण मशेरीने दुखणे नुसते झोपी जात होते. आतली कीड जागीच होती. ती मुळापर्यंत पोखरत गेली.

पुढे राहीला मुलगी झाली. तिचे नाव रंगू. त्याच वर्षी भाताची मळणी चालू असताना राहीचा गाल सुजला. अंगात ताप भरला. तिला भाकरी चावेना, पेजेचे चार घोट घेई आणि पडून असे. पोटात अन्न नाही, अंगात ताप, मग दूध कुठून येणार? रंगू रडून रडून थकायची आणि मग रडायचीही नाही. ते गप्प होणे मला खुंटीवरून पाहवत नसे.

शेजारची नीराबाई आली. तिने निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया टाकल्या आणि राहीला तोंडात धूर घ्यायला लावला.

"दाढेतला किडा पडंल बघ आता."

किडा पडला नाही. सूज मात्र वर चढून डोळ्याखाली आली.

"दाढ काढून टाकावी काय गं?" नीराबाईने विचारले.

"न्हाय," काशी लगेच म्हणाली. "वरची दाढ काढली की त्या अंगाचा डोळा जातो. माझ्या मावशीचा गेला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

राहीने ते ऐकले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली. पदरात लेकरू असलेल्या बाईला आंधळे होण्याची भीती किती वाटत असेल!

त्याच आठवड्यात म्हसळ्याहून डॉक्टर देवी टोचायला गावात आले. शिवदास त्यांचे नाव. लेकरांना दंडावर टोचून घेतले की देवीचा रोग होत नाही, म्हणून ते दर वर्षी येत. काशी रंगूला घेऊन घरापुढच्या खळ्यात त्यांच्यापुढे बसली. डॉक्टरांनी मुलीचा दंड हातात धरला आणि टोचायचे थांबले.

"आजी, ही इतकी वाळली कशाने? आईचे दूध मिळत नाही का?"

"आईच पडून हाय, डागदर."

"काय होतंय तिला?"

"काय न्हाय. दाढ हाय, झालं."

"दाढ हाय, झालं," डॉक्टरांनी तिचेच शब्द हळू म्हटले. "तिला बाहेर उन्हात आणा."

राही खळ्यात येऊन बसली. तिला तोंड पुरते उघडवेना. आत अंधार. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिले, पडवीत येऊन मला खुंटीवरून काढले आणि उन्हात तिरके धरले. माझ्यावर पडलेले ऊन राहीच्या तोंडात गेले. इतकी वर्षे मी त्या घरात होतो, पण त्या बाईच्या तोंडात मी पहिल्यांदाच शिरलो. दाढ काळी पोकळ झाली होती. वरची हिरडी पुवाने फुगली होती.

"आजी, या इकडे, बघा," डॉक्टर म्हणाले. काशी वाकून पाहत राहिली.

"हा पू इथेच थांबत नाही. तो रक्तात उतरतो, म्हणून ताप आहे. चावता येत नाही, म्हणून अंगात बळ नाही. आणि हिच्या अंगात नाही ते लेकराला कुठून मिळेल? दाढ आजच काढायला हवी."

"डोळा जाईल," काशी म्हणाली. "माझ्या मावशीचा गेला, डागदर. दाढ काढली नि डोळा गेला."

डॉक्टर रागावले नाहीत. ते तिच्याजवळ उकिडवे बसले.

"मला नीट सांगा. आधी दाढ काढली की आधी डोळा सुजला?"

काशीने मांडीवरची रंगू जवळ ओढली.

"डोळा," ती म्हणाली. "डोळा आधी सुजला व्हता. पार मिटला, तवा दाढ काढली."

"म्हणजे उशीर झाला होता."

"व्हय," काशी म्हणाली. "आन आम्ही दाढ काढनाऱ्याला शिव्या दिल्या."

तिने रंगूला नीराबाईकडे दिले. "राहे, तुझं काय म्हननं?"

"तुमी हिथं ऱ्हावा, आत्या," राही म्हणाली.

डॉक्टरांनी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, हिरडी बधिर करायचे औषध टोचले. उजेड धरायला माणूस हवे होते. काशीने मला हातात घेतले. तिचे डोळे चिमट्यावर होते, म्हणून माझे ऊन राहीच्या गालावर, नाकावर, केसांवर नाचत राहिले.

"आजी, दाढेवर," डॉक्टर म्हणाले.

काशीने कोपर गुडघ्यावर टेकले. ऊन दाढेवर येऊन स्थिर झाले. राहीने तिचे लुगडे मुठीत धरले होते. एक कण्हणे ऐकू आले, पुवाची आणि रक्ताची गुळणी खळ्यात पडली, आणि दाढ बाहेर आली. काशीने मला तेव्हाच खाली ठेवले.

सूज ओसरायला काही दिवस लागले. काशी रोज सकाळी राहीचा दुसरा डोळा हाताने झाकून, कुंपणाकडे मान करून विचारी, "वईवरचा कावळा दिसतोय का?" राही म्हणे, "दिसतोय, आत्या. तुमची सुरकुतीन् सुरकुती दिसतेय." मग ताप गेला. राही भाकरी चावून खाऊ लागली. हळूहळू दूध आले आणि एक दिवस रंगू मोठ्याने रडली. तिचे ते रडणे ऐकून दोघी सासवासुना हसल्या.

काशीची स्वतःची मशेरी काही सुटली नाही. जुनी सवय फार चिवट असते. पण तिने डबी उंच फळीवर ठेवली आणि रंगूला कधी हात लावू दिला नाही. रंगूला ती बाभळीची कोवळी काडी चावून मऊ करून देई, जेवल्यावर चूळ भरायला लावी. दर वर्षी डॉक्टर आले की वाडीतली पोरे खळ्यात रांगेने बसत, उन्हाकडे तोंडे करून. काशी मला धरी आणि डॉक्टर पाहत. कीड लहान असतानाच सापडे. एकदा नीराबाईलाही बसवले, तर काशी म्हणाली, "जपून बघा, डागदर. तोंड उघडलं की गावाच्या चहाड्या भाईर पडतील."

पुढे रघूने मुंबईहून मोठा आरसा आणला. मला खुंटीवरून काढून माळ्यावर ठेवले. दमट हवेने माझी पाठ खाल्ली. कोणी वेळीच पुसले असते, कोरड्या जागी ठेवले असते, तर मी आजही चांगला राहिलो असतो. पण माझी तक्रार नाही. डागाळलेल्या आरशाच्या जागी नवा आरसा आणता येतो.

तुमच्या पक्क्या दातांचे तसे नाही, मित्रांनो. ते एकदाच येतात. त्यांच्यावर तुमचे जेवण, तुमचे बळ, सगळे शरीर उभे आहे. म्हणून सकाळी आणि रात्री ते घासा, खाल्ल्यावर चूळ भरा, आणि दुखत नसले तरी वर्षातून एकदा जाणत्या माणसाला दाखवा. दुखायला लागेपर्यंत थांबू नका. आरसा समोर येईल तेवढेच दाखवतो. तोंड उघडायचे काम ज्याचे त्यानेच करायचे असते.