आभाळातून आलेला मेव्हणा

ज्याला मेव्हणा नाही त्या नवऱ्याला जगात कुणाची भीती नसते. मी, हट्टा गावचा किशनराव, असाच निवांत माणूस होतो. आमच्या मनकर्णेला ना सख्खा भाऊ, ना चुलत. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी तीही दर वर्षी अंगणात ताट घेऊन उभी राहायची. चंद्र काही जेवायला थांबायचा नाही, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

गेल्या भाऊबीजेला तिने ताट वर केलं आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. अंगणातलं सोयाबीनचं पोतं फाटलं, दाणे उधळले आणि त्यात नारळाएवढा काळा दगड रुतून बसला. मी पोत्याकडे धावलो. मनकर्णा दगडाकडे गेली. तिने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं आणि माझ्याकडे वळून सांगितलं, "माझा भाऊ आला."

झालं. दुसऱ्या दिवसापासून ओसरीतली माझी खुर्ची मेव्हण्याची झाली. त्याला टोपी आली, उपरणं आलं, सकाळी कपभर चहा आला. तो चहा नंतर मलाच प्यावा लागे, तोही गार. घरात आवाज चढवायची सोय राहिली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, की मनकर्णा नुसती खुर्चीकडे बघायची. शेजारचा उकंडराव येता-जाता पाव्हण्यांची खुशाली विचारून माझं डोकं फिरवायचा. ताटात ओवाळणीही न टाकता ठाण मांडून बसणारा असला मेव्हणा वैऱ्यालाही मिळू नये.

बातमी फिरत फिरत वसमतच्या वैष्णवीच्या कानावर गेली. ही पोरगी लांबच्या एका प्रयोगशाळेत आभाळातून पडलेल्या दगडांवर काम करते. ती आली, दगड बघून हरखली आणि तिने नखाएवढा तुकडा मागितला. मनकर्णा कशाला देते? पण तुकड्यावरून हा मूळचा कुठला ते कळेल, असं वैष्णवी म्हणाली, तेव्हा ती विरघळली. भाऊ कुठल्या गावचा, असं बायका मुद्दाम विचारायच्या आणि हिला सांगता यायचं नाही. तिने तुकडा दिला, पण बजावलं, "चंद्रावरचा हाय का न्हाई, तेवढं बराबर बघ." मी मात्र मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला नारळ बोललो. तो चंद्रावरचा नसला म्हणजे माझी खुर्ची सुटणार होती.

संक्रांतीनंतर वैष्णवी परत आली. अर्धं गाव ओसरीत जमलं. तिने आधी नत्र समजावून सांगितलं. नत्र म्हणजे युरियातलं, हे आम्हाला ठाऊक. पण ते दोन जातींचं असतं, एक साधं आणि एक किंचित जड, हे नवीन होतं. सूर्यात जड नत्र कमी, पृथ्वीवर त्याहून जास्त, आणि आमच्या मेव्हण्यात पृथ्वीपेक्षाही जास्त निघालं. म्हणजे हा चंद्रावरचा नाही आणि इथलाही नाही. सूर्य नवा होता, ग्रह अजून व्हायचे होते, तेव्हा पार लांब, थंडगार कडेला हा घडला. ग्रह कशापासून झाले याचा माग असल्या नत्रावरूनच लागतो, असं ती म्हणाली. आपल्या हवेतलं आणि अंगातलं काही नत्रही बहुधा अशाच दगडांनी आणलं असावं.

उकंडराव ताडकन उठला. सगळ्यांच्या अंगात याचंच नत्र असेल तर सगळं गाव भाऊबंद झालं, मग आपापसात झालेल्या लग्नांचं काय, असा त्याचा सवाल होता. त्याला पोराची ठरलेली सोयरीक तशीही मोडायची होती. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि दोघं-तिघं आपापल्या बायकांकडे संशयाने बघू लागले. मी मात्र खुशीत होतो. चंद्रावरचा नाही म्हटल्यावर भाऊ कसला आणि मेव्हणा कसला?

मनकर्णेचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. दिलेला तुकडा कुठे आहे, एवढंच तिने विचारलं.

वैष्णवी खाली बघत म्हणाली, "मावशी, नत्र बाहेर काढायला तो भट्टीत जाळावा लागतो. तुकडा उरला नाही."

मनकर्णा उठून मागच्या दारी गेली आणि तिने डोक्यावरून थंड पाण्याचे तांबे ओतून घेतले. ओल्या केसांनी आत येऊन भिंतीला टेकली आणि तिने हंबरडा फोडला. आजवर ती दुसऱ्यांच्या भावांच्या मयतीला जाऊन रडत आली होती. हे रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

गाव गोंधळलं. जवळजवळ अख्खा मेव्हणा टोपी घालून खुर्चीत बसलेला असताना सुतक लागतं का, हे कुणालाच सांगता येईना. माणसं हळू आवाजात भांडत राहिली. तेवढ्यात समोरची चांगुणा घरी गेली आणि पिठलं-भाकरी करून घेऊन आली, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. तिच्या मागोमाग बाकीच्या बायकाही आल्या. वैष्णवी बराच वेळ दारात उभी होती, मग तीही मनकर्णेजवळ जाऊन बसली.

गर्दी बघून रस्त्याने चाललेला एक परगावचा माणूस थांबला. त्याने मोटारसायकल बंद केली आणि कोण गेलं म्हणून विचारलं. उकंडरावाने ओठ दाबून माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तर सगळी ओसरी हसली असती. आतून मनकर्णेचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"माझा मेव्हणा," मी म्हणालो. "हिला एकच भाऊ होता."

आणि डोक्यावरची टोपी काढून मी अंगणात मांडी घालून बसलो.