नावापुढची फुली

मित्रांनो, मी एका रुग्णालयातला जुना संगणक-प्रोग्राम आहे. मला दुखत-खुपत नाही. जे झालं ते सांगतो.

रुग्णाचं नाव, वय, वॉर्ड आणि औषधं एवढंच ठेवायला मला लिहिलं गेलं. सुरुवातीला फार कौतुक झालं. मग जो तो आला, ठिगळ लावून हात झटकून गेला. सिस्टरांनी मात्र एकच मागणी लावून धरली होती: कोणाला कुठलं औषध सोसत नाही, ते लिहायला जागा द्या. "बघू," असं रुग्णालयाच्या साहेबांचं उत्तर आलं. जागा काही आली नाही. म्हणून पेनिसिलिन न चालणाऱ्याच्या नावापुढे त्या फुली टाकू लागल्या. फुली दिसली नाही, तर बिनधास्त सुई. मग रुग्णाला विचारायची सवयही मोडली.

नवा प्रोग्राम आणायचं ठरलं. चष्मेवाला इंजिनिअर मोठ्या सिस्टरकडे आला. तिला सगळे ताई म्हणत.

"ताई, नाव भरताना काही वेगळं करता का?"

"वेगळं काय करणार बाबा? लोक नाव घेऊनच येतात, आम्ही थोडंच ठेवतो!"

ती खोटं बोलली नाही. फुली तिला नावाचाच भाग वाटायची.

माझी माहिती नव्या प्रोग्राममध्ये नेताना इंजिनिअरला फुल्या दिसल्या. "काय कचरा भरून ठेवलाय!" म्हणत त्याने सगळ्या पुसल्या. मला अडवता येत नाही. कोणी पुसलं, की पुसलं जातं.

मग शिंपीकाका पायाची जखम घेऊन आले. सिस्टरांचे गणवेश तेच शिवायचे. ताईने पडद्यावर नाव पाहिलं. फुली नव्हती; पुसलेल्यांत त्यांचीही होती.

"काका, हात ढिला सोडा."

"सुईला मी घाबरेन होय? तिच्यावरच तर घर चालतं."

थोड्याच वेळात त्यांचा गळा सुजला. डॉक्टर धावले. काका गेले.

चौकशीत दोष जुन्या प्रोग्रामवर आला. पुसणारा सुटला. "बघू" म्हणणारे साहेब तर चौकशीच्याच खुर्चीत बसले होते.

"मला विचारलं होतं हो त्या इंजिनिअरने," ताई काकांच्या बायकोला म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस, बाई?"



आता मला बंद करणार आहेत. करा. मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, जुनं मोडताना ते वापरणाऱ्याला नुसतं विचारू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचे हात काय करतात ते बघा. आणि जे कळत नाही, त्याला कचरा म्हणू नका. ते कोणी, कशासाठी लिहिलं ते शोधा. सापडत नसेल, तर हात आवरा.