खिडकीजवळ बसलेली वर्दी

भाचीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मामांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानसंच. 'मामा, सुट्टी मंजूर झाली. ड्यूटीवरून थेट निघायचं तर अंगावर वर्दीच असेल. मागच्या वेळी तशी आले, तर तू मला खुर्ची दिलीस, "बसा" म्हणालास आणि स्वतः उभाच राहिलास. पुढची सगळी सुट्टी पुस्तकाच्या आडून बोललास. आई हसत होती, मला काही हसू आलं नाही. यावेळी वर्दीत येऊ, की साध्या कपड्यांत? तू अवघडणार असशील, तर मैत्रिणीकडे जाते. तुझं उत्तर आलं की ठरवीन.'

मामांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःचं एक वाक्यही त्यांना धड वाटेनासं झालं होतं. 'अवश्य ये' लिहिलं, तर ते वरवरचं वाटे. 'कशीही ये' लिहिलं, तर बेपर्वाईचं. पाकिटावर पत्ता होता, तिकीट होतं. आत घालायला मजकूर तेवढा नव्हता. ते रिकामं पाकीट खिशात घेऊनच ते हिंडत.

"दादा, उत्तर टाकलंस का?" बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, त्या सकाळीही विचारलं.

"दुसरं वाचन चाललंय."

"तुझं वाचन होईतो पोरगी निवृत्त होऊन घरी बसेल! ऊठ, मागच्या सुट्टीत इथे ठेवून गेलेली तिची फाटलेली वर्दी रफू करायला टाकलीय ना, ती तरी घेऊन ये."

रफूगाराने काम झकास केलं होतं. फाटलं कुठे होतं ते शोधूनही सापडेना. मामा वर्दीची घडी घालून पिशवीत कोंबायला निघाले, तसा तो ओरडलाच, "अहो, घडी नाही घालायची! कडक इस्त्री आहे. हँगर असा उंच धरा आणि चालू लागा."

मामा हँगर उंचावून रस्त्याला लागले. चौकात एक ट्रक करकचून थांबला आणि ड्रायव्हरने कडक सलाम ठोकला. मामांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. आपल्यासाठी आजवर सायकलवालासुद्धा थांबला नाही, मग हा का थांबला, याचा उलगडा त्यांना पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर झाला.

बसमध्ये गर्दी होती. खिडकीजवळचा एक धिप्पाड माणूस त्यांना पाहताच ताडकन उठला. "या आजोबा, या!"

मामा सुखावून टेकणार, तोच तो म्हणाला, "अहो, तुम्ही नाही! चुरगळेल ना ती. तिला बसवा आणि तुम्ही धरून उभे राहा."

भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही. मामांनी हँगर खिडकीच्या दांडीला अडकवला, पँट सीटवर नीट सोडली आणि बाही धरून उभे राहिले. वर्दी ऐटीत बसली.

"मुलाची का?" मागून कोणीतरी विचारलं.

"भाचीची."

"मुलगीऽ? मग कचेरीत बसून असेल."

"तुमच्याने घरचा सिलिंडर उचलवत नाही," शेजारची बाई म्हणाली, "आणि तिचं मोजमाप काढताय!"

"पण मी म्हणतो, गावात कशाला मिरवायचे हे कपडे?" एक चष्मेवाले करवादले. "कामाच्या जागी ठीक आहे."

"तुम्ही टाय लावून बसमध्ये मिरवताच की!" त्याच बाईने सुनावलं.

बस खदखदून हसली. धिप्पाड माणूस मामांच्या कानाशी लागला. "मॅडमची वर ओळख असेल ना? आमच्या मेव्हण्याचं एक काम होतं..."

मामांना कोणी काही बोलूच देईना. जो तो वर्दीकडे बघून बोलत होता.

तेवढ्यात कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. तिकीट फाडता फाडता सहज म्हणाल्या, "पोरीला जेवणखाण बरं मिळतं का हो तिकडे? झोप लागते?"

मामांना ठाऊक नव्हतं. सबंध सुट्टीत त्यांनी हे विचारलंच नव्हतं. खुर्ची दिली होती, ती वर्दीला. आणि आपण असेच, अगदी असेच, शेजारी उभे होतो.

"सुट्टीवर कधी येतेय?" बाईंनी विचारलं.

"मी... मी उत्तर दिलं की ठरवेल."

"म्हणजे अजून दिलं नाही?"

"काय राव तुम्ही!" चष्मेवालेसुद्धा उखडले. "पोरगी तिकडे वाट बघत असेल!"

मामांचे कान लाल झाले. मग त्यांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. हँगर उचलून धिप्पाड माणसाच्या हातात दिला. "धरा हो जरा. मला बसायचंय. लिहायचंय."

आणि ते बसले. खिशात मुद्रितं तपासायचं लाल पेन होतं. कागद म्हणून रफूगाराची पावती उलटी केली. बस हिसके देत होती, अक्षर नाचत होतं.

'सोनू, तुझी वर्दी आज बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि मी उभा होतो. मागच्या खेपेला घरातही मी हेच केलं. वर्दीत ये, नाहीतर झोपेतून उठल्यासारखी गबाळी ये, पण घरीच ये. या वेळी मी आधी बसेन, तू शेजारी बस. मला विचारायचंय की तुला झोप लागते का. लाल शाईला घाबरू नकोस, दुसरं पेन नाही. मामा.'

दोन जागी खाडाखोड झाली होती. सवयीने मामांचा हात पुन्हा पहिल्या ओळीकडे वळला.

"पोस्टाची पेटी आली!" कंडक्टरबाईंनी दोरी ओढली. "पळा! गाडी थांबवून धरते."

मामांनी पावती पाकिटात सारली, डिंकाची कड जिभेवरून फिरवली आणि ते उतरले. अर्धी बस खिडक्यांतून वाकून बघत होती. धिप्पाड माणसाने वर्दीही खिडकीशी धरली होती, तिलाही दिसावं म्हणून.

"पडलं का आत?" चष्मेवाले ओरडले.

मामांनी पेटीच्या फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

"पडलं!" ते ओरडले.